गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा हाट

प्रवासवर्णन लिहावे असा मोठा प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. कारकुनाची नोकरी, दिवसभर फायली आणि संध्याकाळी वस्तीतली कामे. कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणत्या बचत गटाचा हिशेब. परंतु २०१९ च्या फेब्रुवारीत मी कोलकात्याला जाऊन आलो आणि तिथल्या एका रविवारच्या बाजारात माझी एक चूक मला कळली. चूक माझी, पण तिचे पैसे दुसऱ्याचे गेले होते. म्हणून हे लिहीत आहे.

उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत एक बाई आहेत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला बी.ए. केले. मुलगा शांत, कष्टाळू, पण नोकरी नाही. त्याला लहानपणापासून रंगीत माशांचा नाद. शाळेत असताना मनपाने नाल्यात सोडलेले गप्पी मासे बाटलीत धरून आणायचा आणि आईचा मार खायचा. २०१८ च्या ऑक्टोबरात त्याने ठरवले की घरच्या मागच्या पडवीत माशांची पैदास करायची आणि दुकानदारांना विकायची. आईच्या बचत गटात बारा बायका. त्यांनी वीस हजार रुपये कर्ज द्यायचे कबूल केले, पण एका अटीवर : भाऊंनी कागद करून द्यावा.

भाऊ म्हणजे मी. बी.कॉम. झालेला माणूस, मग काय विचारता! मी रेघा आखून छान अंदाजपत्रक केले. टाक्या, लोखंडी स्टँड, हवेचे पंप, जाळ्या, खाद्य मिळून १५,९०० रुपये. मासे ४,१०० रुपये. माशांच्या रकान्यात मी लिहिले : गप्पी २० जोड्या, गोरामी ५ जोड्या, फायटर ५ जोड्या, आफ्रिकेतले पिवळे मासे ४ जोड्या, एंजल ३ जोड्या. एकूण मासे ७४. पैदास करायची म्हणजे एक नर, एक मादी, एवढेच मला ठाऊक. चपलांचा हिशेब करावा तसा मी माशांचा हिशेब केला. खाली सही केली. त्या सहीवर बायकांनी पैसे दिले.

चाळीस दिवसांत ७४ पैकी ३२ मासे उरले.

रोग नव्हता. पाणी त्याने वेळच्या वेळी बदलले होते. मासे एकमेकांना मारत होते. कोणाच्या शेपटीच्या चिंध्या, कोणाचा डोळा गेलेला, कोणी कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड लावून उपाशी मेलेला. गप्पी ४० चे २१ झाले आणि मेलेल्यांत बहुतेक माद्या. गोरामी दहाचे तीन. फायटर दहाचे चार. पिवळे आठाचे दोन. एंजल सहाचे दोन, आणि त्या दोघांनी मिळूनच बाकीच्या चौघांना संपवले असे पोरगा म्हणाला. त्याची आई माझ्या दारात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, आमी तुमची सही पाहून पैसे देल्ले. तुमच्या कागदावरच माह्या पोराचे मासे मेले."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे फेब्रुवारीत आमच्या कर्मचारी संघटनेच्या कामासाठी मला कोलकात्याला जायचे होते. पोरगा म्हणाला, "काका, कोलकात्यात दर रविवारी माशांचा मोठा बाजार भरतो. बंगालात घरोघरी पैदास करतात. मला न्याल का?" मी त्याचे तिकीट काढले. पैसे माझे. एवढे तरी करणे भाग होते.

अकराशे किलोमीटर

शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून गीतांजली पकडली. घरून बांधून दिलेल्या भाकरी आणि तेलावरचा मिरचीचा ठेचा गोंदिया यायच्या आत संपला. बिलासपूर अर्ध्या झोपेत गेले. सकाळी उजाडले तेव्हा खिडकीबाहेर झारखंडची लाल माती होती. टाटानगरला चहा घेतला. खरगपूर गेल्यावर देखावाच पालटला. प्रत्येक घरामागे एक तळे. त्या तळ्यावर कोणी भांडी घासतो आहे, कोणी पोहतो आहे, कोणी जाळे टाकतो आहे. बंगालीत अशा तळ्याला पुकुर म्हणतात. पोरगा खिडकीला चिकटून बसला होता. "काका, इथे माणूस पाण्यातच वाढतो. याला मासे काय कठीण?"

दुपारी हावडा. नागपूरहून अकराशे किलोमीटरहून अधिक प्रवास झाला होता. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला हावड्याचा तो अजस्र पूल पाहून दोघांनीही मान वर करून तोंड उघडे टाकले. एका साध्या लॉजमध्ये सामान टाकले, माझे संघटनेचे काम उरकले आणि रात्री लवकर झोपलो.

रविवारी पहाटे उठून बसने श्यामबाजारला उतरलो. तिथे पाच रस्ते एकत्र येतात आणि मध्ये घोड्यावर बसलेले नेताजी आहेत. कोपऱ्यावर कचोरी, छोलार डाळ आणि मातीच्या भांड्यात चहा घेतला. तिथून बागबाजारच्या बाजूने पायी गॅलिफ स्ट्रीट गाठला.

या रस्त्याच्या कडेने कालवा जातो. एरवी साधाच रस्ता. पण रविवारी सकाळी इथे जो बाजार भरतो त्याला लोक शौकाचा हाट म्हणतात, बंगाली उच्चारात 'शोखेर हाट'. आधी हा बाजार हातीबागानला भरत असे, नंतर इकडे आला. एका टोकाला गुलाबाची आणि झेंडूची रोपे, मग खताच्या पिशव्या, मग पक्ष्यांचे पिंजरे, कुत्र्याची पिल्ले आणि पुढे मासेच मासे. जमिनीवर अॅल्युमिनियमची घमेली, थर्माकोलच्या पेट्या, हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्यांच्या रांगा. पाण्याने रस्ता ओला. विकणारे उकिडवे बसलेले, घेणारे वाकलेले. लुंगीवाला, सूटवाला, शाळेतली पोरे, सगळे एकाच घमेल्यावर डोके लावून. तेवढ्यापुरता तिथे कोणी साहेब नाही आणि कोणी शिपाई नाही, सगळेच गिऱ्हाईक.

"जोडा आप बनाएगा?"

आम्ही एका घमेल्यापाशी थांबलो. साठीच्या आसपासची एक बाई आणि तिचा नवरा हावडा जिल्ह्यातल्या गावाहून मासे घेऊन आले होते. सगळे तिला मासी म्हणत होते. मासी म्हणजे आपली मावशी. पोरगा सवयीने "मावशी" म्हणाला तर तिला ते बरोबर कळले.

त्याने विचारले, "मावशी, एंजल का जोडा कितने का?"

ती हसली. "कौन सा जोडा? छोटा मछली का जोडा आप बनाएगा? जोडा तो मछली खुद बनाता है."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. ७४ मासे, ३२ उरले. मी बाजूला उभा राहून खाली पाहत होतो. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, कागज मैंने बनाया था." तिने मला एकदा खालून वर पाहिले, स्टूल पुढे सरकवले आणि गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता आम्हाला शिकवायला घेतले. नवरा पैसे घेत होता, मासे ओळखायचे काम तिचे. घरीही रोज नर-माद्या वेगळ्या करायचे काम तीच करते.

तिने गप्पीपासून सुरुवात केली. गप्पीचा नर लहान, रंगीत, शेपटी मोठी. मादी मोठी, फिक्या रंगाची, पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग. पण रंगावर जाऊ नका, ती म्हणाली, पोटाखालचा मागचा पर पाहा. मादीचा तो पर पंख्यासारखा तिकोनी असतो. नराचा लांबट, काडीसारखा. पिल्लू चार-पाच आठवड्यांचे झाले की हा फरक दिसू लागतो आणि तेव्हाच नर वेगळे काढायचे. मॉली, प्लॅटी आणि तलवारशेपट्या माशांनाही हाच नियम. तलवारशेपटीला मात्र नराची तलवार उशिरा उगवते, म्हणून तलवारीची वाट पाहू नये, पर पाहावा.

"एक नर को कितना मादी?" मी वही काढून विचारले.

"तीन. दो से कम तो कभी नहीं."

कारण सोपे होते. गप्पीचा नर दिवसभर मादीच्या मागे लागतो. एका नरामागे एकच मादी असेल तर तिला क्षणाची उसंत मिळत नाही. खाता येत नाही, विसावा नाही, शेवटी ती दमून मरते. तीन माद्या असल्या की तो जाच वाटला जातो. मी वीस नर आणि वीस माद्या लिहिल्या होत्या. मेलेल्यांत माद्या जास्त का, याचे उत्तर मला त्या ओल्या रस्त्यावर मिळाले. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. गप्पीची मादी नराचे बीज महिनोन् महिने पोटात साठवून ठेवते. एकदा नराशी संग झाला की पुढे नर नसतानाही ती दर महिन्याच्या सुमारास पिल्ले देत राहते. म्हणजे नर कायम बरोबर हवाच असे नाही.

फायटरच्या बाटल्या

बाजूला फायटरच्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीत एकच नर. दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. एका पोराने तो पुठ्ठा गंमत म्हणून काढला तर दोन्ही नरांनी गालफडे फुगवून काचेवर धडका मारायला सुरुवात केली. मासीने त्याच्या हातावर चापट मारून पुठ्ठा परत ठेवला.

हा मासा मूळचा थायलंडकडचा. नराचे पर लांब झुलते, मादीचे आखूड. मादीच्या पोटाखाली, परांच्या मध्ये, मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका असतो. ती तिची अंडी घालायची नळी. आपल्याकडे आखूड पराच्या जातीचे कोवळे नर मादी म्हणून खपून जातात, तेव्हा हा ठिपका पाहिल्याशिवाय मादी समजू नये. क्वचित नरालाही असा ठिपका दिसतो, म्हणून ठिपका, आखूड पर आणि भरलेले पोट हे तिन्ही एकत्र पाहावे.

दोन नर एका टाकीत कधीही नाही. आणि नर-मादीसुद्धा कायम एकत्र नाही. मी तर पाच जोड्या एका टाकीत घालायला लावल्या होत्या! मासी म्हणाली, आधी आठवडाभर दोघांना वेगळे ठेवून चांगले खायला घालायचे. मग नराच्या टाकीत चार-सहा इंचच पाणी ठेवायचे आणि मादीला कंदिलाच्या काचेत किंवा तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत मध्यभागी ठेवायचे. दोघे एकमेकांना पाहतात, शिवू शकत नाहीत. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधू लागला आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले की ती तयार आहे असे समजायचे. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरली आहे, त्या दिवशी सोडायचे नाही.

सोडल्यावरही लपायला जागा हवी. पाणवनस्पती, फुटकी कुंडी, नारळाची करवंटी, काहीही. अंडी झाली की मादीला लगेच बाहेर काढायचे, कारण आता नर अंड्यांचा राखणदार होतो आणि तिलाच मारतो. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली की नरालाही बाहेर काढायचे.

"मतलब," पोरगा म्हणाला, "मारतो तो राक्षस म्हणून नाही. आपण त्याला नको त्या वेळी एकत्र ठेवतो म्हणून." मासीला मराठी कळले नाही. पण तिने मान हलवली.

घरचा मासा

पुढच्या घमेल्यात गोरामी होते. नराच्या अंगावर निळे आणि तांबडे तिरपे पट्टे, मादी चंदेरी, साधी. पाठीवरचा पर नराचा टोकदार, मादीचा गोलसर. हा बुटका गोरामी, बंगालीत लाल खोलशे. काचेच्या टाकीत जगभर फिरणारा हा मासा मूळचा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. मासी अभिमानाने म्हणाली, "ये तो हमारा पुकुर का है."

मग याच्यात भांडणे का झाली? तळ्यात दाट पाणवेली असतात. एका नराने हाकलले तर दुसरा चार हात लांब वेलीत शिरतो आणि भांडण तिथेच संपते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पाणी मावते ५५ लिटरच्या आसपास. तिथे हरलेला पळून जाणार कुठे? दिवसभर तो जिंकलेल्याच्या डोळ्यांसमोरच राहतो आणि मार खात राहतो. अशा टाकीत गोरामीचा नर एकच ठेवायचा, बरोबर एक-दोन माद्या आणि वर तरंगणारी भरपूर हिरवळ.

हे ऐकताना मला दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेले आम्ही पाच भाऊ आठवले. भांडखोर कोणी नव्हते. बाजूला सरकायला जागा नव्हती.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या पिवळ्या माशांचे नाव काढल्यावर मासीने कपाळाला हात लावला. हे मासे दगडांच्या कपारीत राहतात आणि नर आपल्या कपारीची हद्द राखतो. चार फुटांहून लहान टाकीत त्यांचा विचारच नको, आणि एका नरामागे निदान चार माद्या. मादी अंडी तोंडात धरते आणि तीनेक आठवडे काही खात नाही. तेव्हा नराने तिला छळले तर ती संपलीच. पिल्लांत नर-मादी दिसून येत नाहीत. म्हणून आठ-दहा पिल्ले एकत्र वाढवायची आणि मोठी झाल्यावर जादा नर बाजूला काढायचे.

मोठ्या झालेल्यांत ओळखायचे कसे, ते तिने एका पारदर्शक पिशवीत मासा घेऊन, पिशवी उजेडाकडे धरून खालून दाखवले. पोटाखाली दोन छिद्रे असतात. डोक्याकडचे विष्ठेचे, शेपटीकडचे जननाचे. नराचे ते मागचे छिद्र बारीक असते. मादीचे मोठे, रुंद, कारण तिथून अंडी बाहेर यायची असतात. मासा पाण्याबाहेर धरावाच लागला तर हात ओला हवा आणि काम दहा मोजायच्या आत संपले पाहिजे. लहान पिल्लांवर हा प्रयोग करू नये, त्यांना इजा होते आणि कळतही काही नाही.

पिवळसर ठिपके

शेवटी एंजल. पोरगा म्हणाला, "मावशी, माझे दोघे फार खराब निघाले. त्यांनी बाकीच्या चौघांना कोपऱ्यात धरून मारले."

तिने विचारले, ते दोघे टाकीत कुठे उभे राहत? तो म्हणाला, पंपाच्या उभ्या नळीजवळ. नळीवर काही दिसले होते? तो विचारात पडला. मग म्हणाला, हो, बारीक दाणे होते, साबुदाण्यापेक्षाही बारीक. घाण समजून पुसून काढले. रंग? पिवळसर.

मासीने हातातली जाळी खाली ठेवली. "मारपीट नहीं करता था बाबा. बच्चा बचाता था."

एंजलचा नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात. कपाळाच्या उंचवट्यावरून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ती खात्रीची खूण नाही. फरक दिसतो तो अंडी घालायच्या वेळी : पोटाखाली बाहेर येणारी नळी नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. म्हणून एंजलची जोडी दुकानदार छातीठोकपणे देत असेल तर त्याने ती अंडी घालताना पाहिलेली असली पाहिजे. नाही तर सहा-आठ पिल्ले घ्यायची आणि एकत्र वाढवायची. वर्षाच्या आत त्यांतले दोघे आपणहून एकमेकांना निवडतात, एका कोपऱ्यात राहू लागतात, इतरांना तिथून हाकलतात. ते दिसले की इतरांना त्याच दिवशी दुसऱ्या टाकीत न्यायचे. कधी कधी दोन माद्याही जोडी करतात आणि अंडी घालतात, ती फळत नाहीत आणि पांढरी पडतात. पण पोराने पाहिलेले दाणे पिवळसर होते.

म्हणजे त्या पडवीत, आमच्या नाकासमोर, एक खरी जोडी जमली होती. आम्ही तिच्या लेकरांना फडक्याने पुसले होते आणि तिला खुनी ठरवले होते. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही.

निघताना आम्ही खरेदी केली ती फक्त माद्यांची : गप्पीच्या बारा, गोरामीच्या चार. आमच्याकडे उणीव त्यांचीच होती. मासीने त्या निराळ्या पिशव्यांत बांधल्या, हवा भरली, वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या आणि गप्पीच्या दोन माद्या वरून फुकट घातल्या. नागपूरला पोचेपर्यंत एकच दगावली.

सुधारित कागद

घरी आल्यावर मी जुना कागद फाडला नाही. त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी नवा लिहिला. जोडी हा शब्दच काढून टाकला. नर किती, माद्या किती, टाकी किती फुटी, लपायला जागा कोणती, वेगळे कधी करायचे, असे रकाने केले. बचत गटाच्या बैठकीत तो वाचून दाखवला आणि पहिल्या कागदातली चूक माझी होती, पोराची नव्हती, हेही सांगितले. बायकांनी हप्त्याची मुदत वाढवून दिली.

त्या दोन एंजलना पोराने स्वतंत्र टाकी दिली आणि आत एक स्लेटची पाटी तिरपी उभी केली. मार्चच्या शेवटी पाटीवर पुन्हा दाणे आले. या वेळी फडके कोणी घेतले नाही. उरलेल्या दोन पिवळ्यांपैकी एक त्याने ओळखीच्या माणसाच्या मोठ्या टाकीत देऊन टाकला. फायटर एकेकटे राहू लागले. मात्र वाचकांनी असे समजू नये की माशांतून घबाड मिळाले. पिल्ले विकून थोडे आले. खरी मिळकत झाली ती लोकांच्या घरच्या आणि दवाखान्यांतल्या टाक्या साफ करून आणि कोणता मासा कोणाबरोबर ठेवावा हे सांगून. २०१९ च्या डिसेंबरात त्याने शेवटचा हप्ता भरला. पावती मीच लिहिली.

आपल्यापैकी कोणाच्या घरी मुले टाकीचा हट्ट करीत असतील तर चार गोष्टी लक्षात ठेवाव्या.

१) मासे आणण्यापूर्वी ते किती मोठे होणार आणि एकमेकांशी जमणार का, हे विचारावे. लहान टाकीत पहिल्यांदा गप्पी किंवा प्लॅटी ठेवावे. एका नरास तीन माद्या, किंवा पिल्ले नको असतील तर नुसते नर सहा-सात.

२) फायटर एकटाच ठेवावा. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून बाटलीत जगतो, पण जगणे आणि नांदणे यांत फरक आहे. त्यालाही निदान पंधरा-वीस लिटर पाणी द्यावे.

३) नवीन मासा सोडताना आधी जुन्यांना खायला घालावे, आतले दगड-कुंड्या हलवून ठेवाव्या आणि दिवा बंद करावा. जुन्याची हद्द मोडते आणि नव्याला रात्रभर सावरायला वेळ मिळतो.

४) पर फाटलेला, रंग उतरलेला, कोपऱ्यात उपाशी उभा असलेला मासा दिसला तर उद्यावर ढकलू नये. मार खाणारा वेगळा काढला तर मारणारा बहुधा दुसरा शोधतो. म्हणून मारणाऱ्यालाच आठवडाभर वेगळे ठेवावे. परत सोडल्यावर त्याची पहिली मिजास उरत नाही.

गेल्या वर्षी त्या बाई पुन्हा माझ्या दारात आल्या. हातात एका मुलीचा फोटो. "भाऊ, पोराचं जमवाचं हाय. घर चांगलं हाय पोरीचं. तुमी कागद करून द्या, बैठकीत वाचू."

मी म्हणालो, "बाई, मी आता जोड्यांचे कागद करीत नाही. आधी दोघांना भेटू द्या, बोलू द्या."

त्या हसायला लागल्या. "त्या एंजलावानी? मंग काय सहा पोरी दाखवा लागतीन त्याले?"

"सहा नको," मी म्हटले. "एकच दाखवा. पण तिलाही विचारा."